सहलीचा मार्ग मुलांना ठरवू द्या



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीचे वारे वाहू लागतात. पालकांकडे चिठ्ठी जाते. तारीख, वर्गणी, दोन वेळचा डबा, पाण्याची बाटली, स्वेटर, आणि 'मौल्यवान वस्तू सोबत देऊ नयेत'. बस कोणत्या रस्त्याने जाणार, किती किलोमीटर, कुठे थांबणार, हे त्या चिठ्ठीत बहुधा नसतंच. मुलांना तर ते कुणी सांगतच नाही. त्यांना बसमध्ये बसवायचं, मोजायचं, उतरवायचं, परत मोजायचं. सामान मोजतो तसंच, फक्त हे सामान गाणी म्हणतं.

माझं म्हणणं असं की चौथी-पाचवीच्या वर्गाला सहलीचा मार्ग आणि वेळापत्रक स्वतः बनवू द्यावं. ठिकाण आपण ठरवू, शेवटची तपासणी आणि सही आपलीच राहील. पण अंतर मोजणं, वेळ काढणं, थांबे ठरवणं आणि परतीची वेळ पक्की करणं ही कामं मुलांची. नकाशा शिकवायची याहून चांगली संधी वर्षभरात दुसरी येत नाही.

नकाशाचे पाठ आपण घेतोच. तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्हा येतो, पुढे दिशा, सूची, प्रमाण येतं. मुलं 'उत्तर वर, दक्षिण खाली' असं घोकतात. मग 'रेल्वेमार्ग कोणत्या चिन्हाने दाखवतात?' याचं उत्तर लिहितात आणि विसरतात. त्यांची तरी काय चूक? त्या उत्तरावर त्यांचं काहीच अवलंबून नसतं. उत्तर चुकलं तर एक गुण जातो. सहलीच्या नकाशात चुकलं तर टेबल लँड बघायचं राहतं, आणि हे नववर्षांच्या मुलाला फार लवकर कळतं.

आमचा फलटण तालुका. सहल प्रतापगडला न्यायची ठरली होती. मी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला, १ सेंमी म्हणजे ५ किमी या प्रमाणाचा, आणि गटांना दोरा दिला. पहिल्यांदा सगळ्यांनी पट्टीच लावली. वाई ते प्रतापगड साडेसहा सेंमीच्या थोडं वर भरलं, म्हणजे साधारण ३३ किमी. मग दोरा रस्त्यावरून वळवत नेला. तो बराच लांब भरला, तरीही खऱ्या अंतराला पोचेना, कारण घाटाची वळणं एवढ्या छोट्या नकाशावर मावतच नाहीत. रस्त्याने वाई ते पाचगणी, तिथून महाबळेश्वर, तिथून प्रतापगड मिळून ५५ किमीच्या आसपास होतं. तेहतीसचे पंचावन्न कसे झाले? यावर वर्गात जी चर्चा झाली ती प्रमाणाच्या कुठल्याही स्वाध्यायात होत नाही. एक मुलगा म्हणाला, "बाई, बस काय पक्ष्यासारखी जाणारे का?"

मग टोपोशीट दाखवलं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशात २ सेंमी म्हणजे १ किमी. त्यावरच्या तपकिरी समोच्च रेषा दर २० मीटर उंचीला एक अशा असतात. वाईजवळ त्या ऐसपैस पसरलेल्या आणि पसरणी घाटात एकमेकींना खेटून बसलेल्या. रेषा जितक्या जवळ तितका चढ उभा, एवढं एकच वाक्य मी सांगितलं. बाकीचं त्यांनी बोट फिरवून शोधलं. प्राथमिकला टोपोशीट कशाला, असं काही सहकारी म्हणतील. संपूर्ण वाचायला नाहीच शिकवायचं. रेषांची गर्दी कुठे आहे एवढं तर तिसरीचं पोरही दाखवतं.

आता वेळ. फलटण ते वाई, लोणंद-खंडाळा मार्गे, सुमारे ७० किमी. ताशी ४० ने धरलं तर पावणेदोन तास. इथे मुलांनी मला एक गोष्ट सुनावली जी कुठल्याच नकाशावर नाही. डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. कारखान्याच्या वाटेवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, त्याही जोडीजोडीने, आणि त्यांना ओलांडायला जागा नाही. वर्गात दोघांचे वडील तेच ट्रॅक्टर चालवतात. त्यांनी सांगितलं, दोन तास धरा. आम्ही दोन तास धरले. नकाशा म्हणजे रस्ता नव्हे हे मला फळ्यावर लिहावं लागलं नाही.

वाईपासून पुढे घाटात बसचा वेग ताशी २५ धरला. सव्वादोन तास. मध्ये अर्ध्या तासाचा एक थांबा. म्हणजे सकाळी ६ ला निघालं तर पावणेअकराला गडाच्या पायथ्याशी. आता उलटं मोजायचं. रात्रीचा प्रवास करायचा नाही आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आंबेनळी आणि पसरणी हे दोन्ही घाट उजेडात उतरायचे, हे मी घालून दिलेलं बंधन होतं आणि त्यावर चर्चा नव्हती. आंबेनळी घाट कसा आहे हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. मुलांनी परतीची वेळ काढली. गडावरून अडीचला निघायचं, पावणेपाचला वाई, अर्धा तास थांबा, सव्वासातला गाव.

आणि इथे खरी गंमत सुरू झाली. मुलांच्या यादीत पाच ठिकाणं होती : प्रतापगड, क्षेत्र महाबळेश्वर, वेण्णा लेक, टेबल लँड आणि वाईचा ढोल्या गणपती. प्रत्येकापुढे 'अर्धा तास' असं लिहिलेलं. बहुतेक शाळांच्या सहलीही अशाच असतात ना? ठिकाणं जेवढी जास्त तेवढी सहल भारी, वर्गणी वसूल. मी एवढंच विचारलं, की ४३ जणांनी बसमधून उतरायचं आणि परत मोजून बसायचं, याला किती वेळ लागतो? व्हरांड्यात बाकं बसच्या सीटांसारखी लावून आम्ही घड्याळ लावलं. उतरणं, रांग, गिनती, चढणं, पुन्हा गिनती मिळून पंधरा मिनिटं गेली. अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं अशीच जाणार म्हटल्यावर यादीकडे सगळे वेगळ्या नजरेने बघू लागले.

वेण्णा लेक गळालं तेव्हा रुसवेफुगवे झाले. टेबल लँडवर घोडे असतात म्हणून त्याच्यासाठी भांडण झालं. शेवटी प्रतापगड पूर्ण आणि वाटेत वाईचा घाट व ढोल्या गणपती, एवढंच उरलं. पाचातली तीन ठिकाणं मुलांनी स्वतः खोडली. हेच मी खोडलं असतं तर बसमध्ये दिवसभर 'बाई, आपण बोटिंगला का नाही चाललो' हे ऐकावं लागलं असतं. कुणी एकदाही विचारलं नाही.

थांब्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण हा विषय आपण टाळतो. सहलीच्या दिवशी बऱ्याच मुली पाणी पीत नाहीत. बाटली भरलेली नेतात, भरलेलीच परत आणतात. कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कुठे थांबणार, तिथे स्वच्छतागृह असेल का, दाराला कडी असेल का, याची त्यांना खात्री नसते आणि सर ड्रायव्हरशेजारी बसलेले असतात, त्यांना सांगायची लाज वाटते. वेळापत्रक मुलांच्या हातात दिल्यावर मुलींच्या गटाने नकाशावर पहिल्यांदा निळ्या पेन्सिलीने खुणा केल्या त्या याच जागांच्या. दोन तासांपेक्षा जास्त अंतर मध्ये जाऊ द्यायचं नाही, असा नियमही त्यांनीच केला. वाई एसटी स्टँड, महाबळेश्वर स्टँड, गडाचा पायथा. जाताना महाबळेश्वरला पाच-सात मिनिटं जास्त जातील ती थांब्याच्या अर्ध्या तासात बसवली. कुणाला गाडी लागते आणि घाटाआधी कुणाला पोटभर खाऊ द्यायचं नाही, हेही वर्गाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तेवढ्यांना पुढच्या सीट दिल्या.

या नकाशाने इतिहासाचा पाठही उलगडला. शिवाजी महाराजांनी प्रतापगड १६५६ मध्ये बांधून घेतला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला गडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली, हे सगळी मुलं सांगतात. पण खान वाईला होता आणि महाराजांनी त्याला जावळीच्या रानात का आणवलं, हे समोच्च रेषा बघितल्यावर कळतं. वाईला मैदान. घोडदळ, हत्ती, तोफा यांना मोकळी जागा. जावळीकडे जायचं तर रडतोंडीच्या घाटाने उतरायचं, एवढ्या मोठ्या फौजेनं. ज्या रस्त्याने बसला सव्वादोन तास लागतात असं मुलांनी स्वतः काढलं होतं, त्याच डोंगरात ते सैन्य आलं होतं. "बाई, मग खानाने नकाशा नव्हता बघितला?" या प्रश्नावर मी बराच वेळ हसले. पण प्रश्न चांगला आहे. ज्याला मुलूख पायाखालचा आहे त्याने जागा निवडली होती.

आता मोबाइलबद्दल. 'गूगल मॅप असताना दोरा कशाला?' हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. मी मोबाइलच्या विरोधात नाही, मीही वापरते, आणि सहलीच्या सकाळी रस्त्यावर कोंडी आहे का हे त्यावरच बघते. पण रस्ता दाखवताना मोबाइल नकाशा फिरवत राहतो. आपण जातो ती दिशा कायम वर. त्यामुळे उत्तर कुठे हा प्रश्नच पडत नाही. पुढचं वळण दिसतं, मुलूख दिसत नाही. शिवाय तो वेळ दाखवतो तो बहुधा कारचा, ४३ मुलांच्या एसटीचा नाही. आणि घाटात रेंज गेली की संपलं. घरी वापरत असाल तर एवढं करा : पडद्यावरच्या होकायंत्राला बोट लावून उत्तर वर करून ठेवा, आणि निघण्याआधी त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. मग मोबाइल मुलाकडे द्या आणि 'डावीकडे काय येणार?' हे त्याला विचारा.

सहकाऱ्यांची खरी अडचण वेगळी आहे, ती मला मान्य आहे. परवानगीचे कागद, एसटीचं बुकिंग, पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी, त्यात हे नवीन काम कुठून घालायचं? माझ्या हिशेबाने याला सात-आठ तासिका लागतात. पण त्या परिसर अभ्यासाच्या, गणिताच्या आणि थोड्या भाषेच्याच तासिका आहेत. वेळ, अंतर, प्रमाण, पत्रलेखन हे सगळं त्यात येतं. एक मात्र करू नका. याचा 'उपक्रम' करून चकचकीत तक्ता बनवू नका. तक्ता झाला की मुलं अक्षर सुंदर काढण्यात गुंततात, फोटो ग्रुपवर जातो आणि हिशेब बाजूला राहतो. खाडाखोड केलेला कागदच बरा.

पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, एक सांगायचं आहे. आपल्याकडे गावातली शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. पुढे रोजचा एसटीचा प्रवास. ग्रामीण भागात पाचवीपासून मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, तरीही 'एवढ्या लांब कशी पाठवायची' म्हणून शाळा सुटलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. भीती अंतराची नसते. शेवटची गाडी चुकली तर काय, याची असते. ज्या मुलीला आपल्या गावाला येणारे दोन रस्ते माहीत आहेत, फाट्यावर उतरून पुढची गाडी कुठून मिळेल हे माहीत आहे, कोणत्या गावात मावशी राहते हे नकाशावर दाखवता येतं, तिच्या आईची भीती थोडी तरी कमी होते. सगळी नाही. रस्ते आणि माणसं सुरक्षित करणं हे मुलीच्या नकाशावाचनावर सोडायची गोष्ट नाही, ते मोठ्यांचंच काम आहे. पण निदान ती गोंधळून उभी राहणार नाही.

मामाच्या गावाला जाताना याची सुरुवात होऊ शकते. स्टँडवर गाडीची पाटी मुलाला वाचू द्या. 'मार्गे' या शब्दापुढे काय लिहिलंय ते बघायला सांगा. दुपारच्या गाडीत ऊन कोणत्या खिडकीला येईल हे त्याला ओळखू द्या आणि सीटही त्यालाच निवडू द्या. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांचे रंग मोजायला लावा. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, नारिंगी ग्रामसडकेचा. पुणे-सातारा रस्त्याला आपण अजून 'एनएच फोर' म्हणतो, पण क्रमांक बदलून तो आता ४८ झाला आहे. ही गोष्ट आमच्या पाचवीतल्या एका मुलीने दगडावर वाचून घरच्यांना सांगितली आणि आजोबांशी वाद घातला.

शिक्षकांसाठी शेवटचं, कामाचं. सहल डिसेंबरात असेल तर नकाशा दिवाळीच्या सुट्टीआधीच भिंतीवर लागायला हवा. सुट्टीत मुलं कुठे ना कुठे जातातच, तेव्हा रस्ते बघून येतात. परवानगीच्या प्रस्तावात मार्ग लिहावा लागतो. तो आम्ही मुलांच्या कागदावरून उतरवला, आणि त्याच कागदाची झेरॉक्स पालकांच्या चिठ्ठीला जोडली. खंबाटकीला जाताना घाट, येताना बोगदा, हेही त्यात होतं. त्या संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी पालक कधी जमायचे ते चिठ्ठीवरूनच ठरवून आले होते, सव्वासातला. बस सात पस्तीसला आली. वीस मिनिटं लोणंदच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे गेली.