एसटीचा खडखडाट: दोष फक्त रस्त्याचा की नटबोल्टचाही?

महामार्ग चौपदरी झाला, पण बसमधली थरथर का थांबत नाही? ती नेमकी येते कुठून आणि कमी कशी करता येईल?

धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरच्या चौसाळ्यातून बीड गाठायचं, तर बहुतेकांचा आधार एसटी किंवा वडापची जीप. रस्ता खराब होता तोवर हादऱ्यांचं सगळं खापर रस्त्यावर फोडता येत होतं. आता हा महामार्ग चौपदरी आहे. तरीही जुन्या झालेल्या साध्या बसमध्ये काचा खडखडतात, बाक थरथरतो आणि शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. म्हणजे दोष गाडीतही आहे. आवाज आणि कंपन कमी करणं म्हणजे महागड्या गाड्यांचे चोचले, ही समजूत आता सोडायला हवी.

प्रश्न फक्त गैरसोयीचा आहे का?

नाही. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेतले सेकंदाला साधारण 4 ते 8 हादरे सर्वाधिक जाणवतात. त्या लयीत पोट, छाती आणि मणका गाडीबरोबर जास्तच हलतात. आता चाकाकडे पाहा. बसच्या चाकाचा व्यास साधारण एक मीटर. ताशी 60 किलोमीटर वेगाला ते सेकंदाला सुमारे पाच फेरे घेतं. टायरचा तोल बिघडला असेल, किंवा रिमोल्ड टायरचा घेर सगळीकडे सारखा नसेल, तर प्रत्येक फेऱ्याला एक हादरा बसतो. म्हणजे शरीराला जी लय सर्वात जास्त बाधते, नेमकी तीच.

प्रवाशाचा प्रवास तासाभरात संपतो. चालक मात्र पूर्ण पाळीभर त्याच सीटवर असतो, आणि इंजिन पुढे असलेल्या बसमध्ये ते त्याच्या शेजारीच धडधडत असतं. युरोपीय संघाने 2002 मध्येच कामगारांसाठी कंपनाची मर्यादा ठरवली. आठ तासांच्या कामात सरासरी 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडलं की मालकाने उपाय करायचे आणि 1.15 च्या वर जाऊच द्यायचं नाही. एसटीचा चालकही कामगारच आहे. त्याची कंबर आणि त्याचे कान हा कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा विषय आहे.

प्रवासीही बदलले आहेत. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. दवाखान्यासाठी बीडला निघालेली आजी आणि तपासणीला जाणारी गरोदर बाई यांच्यासाठी थरथर ही किरकोळ तक्रार नाही.

आवाज येतो कुठून?

अभियंते याचे तीन भाग करतात: आवाजाचा उगम, त्याची वाट आणि तो ज्याच्यापर्यंत पोहोचतो तो माणूस. उगम म्हणजे इंजिन, टायर, शाफ्ट, सायलेन्सर. वाट दोन प्रकारची. एक हवेतून, म्हणजे फटी आणि उघड्या काचांमधून. दुसरी लोखंडातून, म्हणजे इंजिनाचं फाउंडेशन, चेसिस आणि पत्रा यांमधून.

सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांवर नुसतं चालू असेल, तर सेकंदाला 30 स्फोट होतात. फाउंडेशनचं रबर मऊ असेल तर ते धक्के तिथेच जिरतात. मराठवाड्याच्या उन्हात ते रबर कडक झालं की धक्के थेट चेसिसमध्ये उतरतात. बस स्थानकात उभी असतानाही काचा वाजतात, त्यामागे बहुधा हेच कारण असतं.

फटींचा हिशेब आणखी बोलका आहे. चालक आणि इंजिन यांच्यामधला पडदा कितीही जाड असो, त्याच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का भाग उघडा राहिला, तर आवाज 20 डेसिबलपेक्षा जास्त अडतच नाही. गिअरच्या दांड्याभोवतीचं फाटलेलं रबर दिसायला क्षुल्लक, पण आवाजाला मोठं दार असतं.

दोष ओळखायचा कसा?

- गाडी उभी आणि इंजिन चालू असताना थरथर: इंजिनाचं फाउंडेशन किंवा सायलेन्सरचा क्लॅम्प.
- वेग तोच ठेवून गिअर बदलला तरी थरथर तशीच: चाक, टायर किंवा शाफ्ट.
- गिअर बदलताच थरथरही बदलली: इंजिनाची बाजू.
- खड्ड्यावरच ‘खट्ट’ आवाज: कमानीचे बुश, शॅकल किंवा शॉक ॲब्सॉर्बर.

प्रवाशांसाठी एक साधी गोष्ट: पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या बाकांवर हादरे सर्वात कमी बसतात. सर्वात मागचा बाक कंबरदुखीवाल्याने टाळावा.

नव्या ई-बस आल्या की प्रश्न सुटेल?

अर्धाच. 1 जून 2022 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. अशा बसमध्ये इंजिनाची धडधड नसते. पण ती गेली की टायरचा घूंघूं आवाज आणि सैल पत्र्याची कुरकुर उलट जास्त ऐकू येते. देखभाल ढिली असेल तर नवी बसही काही वर्षांत खडखडू लागेल.

‘आधी बस वेळेवर सोडा, मग आवाजाचं बघू’

हा आक्षेप रास्त वाटतो, पण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. कंपनाने नट ढिले होतात, पत्र्याला चिरा जातात, वायरिंग घासतं. रस्त्यात बंद पडलेल्या अनेक गाड्यांनी आधी आवाज करून इशारा दिलेला असतो. तो वेळीच ऐकणं म्हणजे ब्रेकडाऊन टाळणं. रबराचे बुश, क्लॅम्प, काचेची रबरं या वस्तू मोठ्या दुरुस्तीच्या मानाने फार स्वस्त असतात.

यासाठी ज्ञान परदेशातून आणायचं नाही. पुण्यात 1966 पासून ‘एआरएआय’ ही वाहन संशोधन संस्था आहे. गाड्यांचा आवाज आणि कंपन मोजण्याची स्वतंत्र प्रयोगशाळा तिथे आहे. याच महामार्गाने वर गेलं की छत्रपती संभाजीनगर लागतं. तिथल्या चिकलठाणा कार्यशाळेत एसटीच्या बसची बांधणी होते. संस्था, कारखाना आणि प्रवासी तिन्ही राज्यातच आहेत. उणीव आहे ती तिघांना जोडणाऱ्या नियमाची.

काय करता येईल?

पहिलं, ठरावीक देखभालीच्या वेळी चालकाच्या कानाजवळचा आवाज आणि सीटवरचं कंपन मोजून नोंदवहीत लिहावं. त्यासाठीची उपकरणं आगाराला परवडणारी असतात. आकडा मागच्या वेळेपेक्षा वाढला, तर गाडी दुरुस्तीला घ्यावी.

दुसरं, चालकाने ‘आवाज येतोय’ अशी तक्रार लिहिली, तर त्यावर काय केलं हेही त्याच पानावर लिहिलं जावं.

तिसरं आणि सर्वात महत्त्वाचं, बस विकत किंवा भाड्याने घेताना आवाज-कंपनाची अट फक्त कोऱ्या गाडीसाठी नको. कोरी गाडी शांतच असते. एक लाख किलोमीटर धावल्यावर पुन्हा मोजणी व्हावी आणि मर्यादा ओलांडली तर दुरुस्ती पुरवठादाराने करावी, असं करारातच लिहावं.

मुंबई–पुणे प्रवासात जास्त पैसे मोजणाऱ्याला ‘शिवनेरी’ची मागच्या इंजिनाची आणि हवेवर तोललेली बस मिळते. चौसाळ्याच्या प्रवाशाला तशीच बस द्या, असं कोणी म्हणत नाही. त्याच्या बसचे बुश वेळेवर बदला आणि फटी बुजवा, एवढीच मागणी आहे. ती पुढच्या देखभालीपासूनही पूर्ण करता येईल.