बॅटरी गेली? रिपोर्ट बघितलात का?

कॅफेत भिंतीजवळचं टेबल मिळालं की फ्रीलान्सर लोकांना लॉटरी लागल्यासारखं होतं. कॉफी जाऊ दे, प्लग पॉइंट मिळाला ना बॉस!

माझ्या रूममेटचा लॅपटॉप तर दोन तासांतच मान टाकायचा. दुकानदारानं उघडूनही न बघता निकाल दिला, ‘मॅडम, बॅटरी गेली, नवीन टाका.’ खर्च साडेचार हजार. महिनाअखेरीला! ती तयारही झाली होती. मी म्हटलं, थांब गं, आधी रिपोर्ट काढू.

हा रिपोर्ट विंडोजमध्येच असतो आणि फुकट असतो. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, ‘पॉवरसीएफजी’ टाइप करायचं, एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’. अर्थात, हे सगळं इंग्रजी अक्षरांत. एंटर मारलं की फाइल कुठे सेव्ह झाली तेही तिथंच दिसतं. त्यात दोन आकडे बघायचे : डिझाइन कपॅसिटी म्हणजे बॅटरी नवी असतानाची ताकद आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज उरलेली. रूममेटची निघाली ९१ टक्के. म्हणजे बॅटरी ठणठणीत!

मग चोर कोण? सेटिंग्ज. सिस्टिममधल्या ‘पॉवर अँड बॅटरी’त गेलो, तर पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर, स्क्रीन बंद होण्याची वेळ ‘नेव्हर’ आणि ब्राइटनेस फुल्ल. बाई चहाला गेल्या तरी स्क्रीन आपली लखलखतेय. आणि स्क्रीन तर सगळ्यात खादाड.

बॅटरीवर असताना मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’, स्क्रीन तीन मिनिटांत बंद, दहा मिनिटांत स्लीप, ब्राइटनेस निम्मा. बस्स! आता साडेतीन तास आरामात जातात. व्हिडिओ एडिट करायचा असेल तर मशीन थोडं सुस्त वाटेल, तेव्हा चार्जर लावा आणि मोड परत वर न्या. एनर्जी सेव्हर (जुन्या व्हर्जनमध्ये बॅटरी सेव्हर) किती टक्क्यांना सुरू व्हावा तेही ठरवता येतं. त्यात काही अॅप्सचं सिंक थांबतं, त्यामुळे एडिटरचा मेल उशिरा दिसू शकतो. काहींना हा बोनसच वाटेल.

मॅकवाल्यांनी नाक वर करू नये. २०२१च्या मॉन्टेरेपासून त्यांच्या लॅपटॉपवरही लो पॉवर मोड आहे, बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये.

दिवसभर चार्जर लावूनच बसणाऱ्यांनो, लिथियम-आयन बॅटरीला कायम १०० टक्के आणि वर गरमी हे कॉम्बिनेशन अजिबात मानवत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या अॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांना थांबवायची सोय असते, ती शोधा.

रिपोर्टमधला दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली आला असेल, तर मात्र दुकानदार खरं बोलतोय, पैसे काढा. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर रिपोर्टबिपोर्ट काही नको. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर आणि सरळ दुकान गाठा.