मेर्सोला तिचं नाव माहीत होतं

आल्बेर कामूची 'द आउटसायडर' ही माझी आवडती कादंबरी आहे, असं म्हटलं की दोन प्रकारची माणसं नाराज होतात. पहिले म्हणतात, 'त्यात एक फ्रेंच माणूस काही कारण नसताना अरबाला गोळ्या घालतो, लेखक त्या मेलेल्याचं नावसुद्धा सांगत नाही, आणि तुझ्यासारख्या मुसलमानाला ती आवडते?' दुसरे कामूचे भक्त. ते म्हणतात, 'ती माणसाच्या एकटेपणाची गोष्ट आहे. त्यात अरब आणि फ्रेंच कशाला शोधतोस?' पहिल्यांना वाटतं पुस्तक आवडलं म्हणजे खुनी आवडला. दुसऱ्यांना वाटतं पुस्तक आवडलं की खुनाकडे काणाडोळा करायला हरकत नाही. मला दोन्ही पटत नाही.

कादंबरी 1942 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं आणि कथा घडते तो अल्जीरिया 1830 पासून फ्रान्सच्या. कामूचा जन्म 1913 साली अल्जीरियातच, एका गरीब फ्रेंच वसाहतवाल्याच्या घरी झाला. त्याचा निवेदक मेर्सो हा अल्जिअर्समधला साधा कारकून. वृद्धाश्रमात राहणारी त्याची आई वारते. तो तिचं शेवटचं दर्शन घेत नाही, मय्यतीजवळ बसून दुधाची कॉफी पितो, सिगारेट ओढतो, रडत नाही. दुसऱ्याच दिवशी पोहायला जातो, तिथे भेटलेल्या मारीबरोबर विनोदी सिनेमा बघतो. पुढे शेजारी रेमाँच्या भानगडीत अडकतो आणि एका दुपारी समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळी घालतो. तो निपचित पडल्यावर आणखी चार गोळ्या. कारण काय? तर ऊन.

तरी हा माणूस वाचकाला आवडतो, कारण तो ढोंग करत नाही. प्रेम वाटत नसेल तर 'आहे' म्हणत नाही. पश्चात्ताप वाटत नसेल तर न्यायाधीशासमोर तो दाखवत नाही. कामूने स्वतःही 1955 साली एका प्रस्तावनेत साधारण हेच सांगितलं आहे की मेर्सो खोटं बोलायला नकार देतो आणि समाज त्याची शिक्षा त्याला देतो.

आईच्या मय्यतीला न रडणं हा गुन्हा नव्हे, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. आपल्याकडे तर जनाज्यावर ऊर बडवून आक्रोश करू नये अशीच शिकवण आहे. डोळ्यांतून आलेलं पाणी चालतं, प्रदर्शन चालत नाही. त्यामुळे मेर्सो रडला नाही म्हणून तो राक्षस, हा सरकारी वकिलाचा युक्तिवाद आपल्यालाही हास्यास्पद वाटतो आणि आपण नकळत मेर्सोच्या बाजूला जाऊन बसतो. कामूचं कसब इथे आहे. मेर्सोवर खोटा आरोप आधी येतो. तो खोडून काढण्याच्या नादात खऱ्या आरोपाची आपल्याला आठवणच राहत नाही.

म्हणून मी सांगतो, पहिला भाग पुन्हा वाचा. रेमाँ वस्तीत दलाल म्हणून ओळखला जातो. त्याने ठेवलेली एक अरब बाई आहे. तिने फसवलं असं त्याचं म्हणणं. तिला गोड पत्र लिहून परत बोलवायचं आणि मग अपमान करून हाकलायचं, असा त्याचा बेत. पत्र त्याला जमत नाही. ते मेर्सो लिहून देतो. का? तर नाही म्हणायला काही कारण नव्हतं. ती येते, रेमाँ तिला मारतो, तिच्या किंकाळ्या जिन्यापर्यंत ऐकू येतात. मारी म्हणते पोलिसांना बोलव. मेर्सो म्हणतो, मला पोलीस आवडत नाहीत. पुढे हाच मेर्सो पोलीस ठाण्यात जाऊन रेमाँच्या बाजूने जबाब देतो की त्या बाईने त्याला फसवलं होतं. त्याला ही गोष्ट कुणी सांगितली? फक्त रेमाँने. पोलीस जबाब तपासत नाहीत आणि रेमाँ ताकीद घेऊन सुटतो. किनाऱ्यावर मरतो तो माणूस म्हणजे त्या टोळक्यातला एक, ज्यात तिचा भाऊ होता.

जो माणूस खोटं बोलत नाही म्हणून जगभर गाजला, त्याने एका मार खाल्लेल्या बाईविरुद्ध ऐकीव जबाब दिला होता. स्वतःबद्दल तो खरं बोलतो, हे मान्य. दुसऱ्याबद्दल खरं काय आहे, हे विचारायची तसदी त्याने घेतली नाही. आपण ज्याला प्रामाणिकपणा म्हणतो त्यात पुष्कळदा एवढीच पोकळी असते.

खटल्यात तर ही पोकळी सगळ्या न्यायालयाची होते. वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक येतो, दरवान येतो, खानावळवाला, मारी, रेमाँ, सगळे साक्ष देतात. एकही अरब साक्षीला नाही. पत्राचा आणि जबाबाचा विषय निघतो, पण मेर्सोचं चारित्र्य काळं करण्यापुरता. त्या बाईला कुणी बोलावत नाही. कॉनर क्रूझ ओब्रायन या आयरिश लेखकाने 1970 साली बोट ठेवलं होतं की वसाहतीतल्या अल्जीरियात अरबाला मारल्याबद्दल फ्रेंच माणसाला मृत्युदंड व्हावा, हेच खरं वाटत नाही. एडवर्ड सईदनेही कामूच्या लिखाणात वसाहतवादाची सावली दाखवली. हे आक्षेप मला मान्य आहेत. कामूला अरबांची दुःखं ठाऊक नव्हती असंही नाही. 1939 साली त्यानेच एका वर्तमानपत्रासाठी काबिली भागातल्या उपासमारीवर लेखमाला लिहिली होती.

मग पुस्तक आवडायचं कशासाठी? माझं उत्तर असं, की निवेदकाला जे दिसून दिसत नाही ते वाचकाला दिसावं, इतकी जागा या पुस्तकात आहे. एक उदाहरण देतो. अटकेच्या पहिल्या दिवशी मेर्सोला बऱ्याच कैद्यांबरोबर ठेवतात, त्यात बहुतेक अरब. त्याला बघून ते हसतात. काय केलंस, विचारतात. तो सांगतो, एका अरबाला मारलं. सगळे गप्प होतात. थोड्या वेळाने अंधार पडतो आणि तेच लोक त्याला दाखवतात की झोपायची चटई कशी अंथरायची, एक टोक गुंडाळून उशी कशी करायची.

मेर्सो हे दोन-तीन वाक्यांत सांगून पुढे जातो. आभार नाहीत, आश्चर्य नाही. पण वाचकाला तिथून हलता येत नाही. आपल्यातल्या एकाला मारून आलेल्या माणसाला उशी करून देणाऱ्यांबद्दल मोठमोठी पुस्तकं लिहिता आली असती. पुढे मुलाखतीच्या खोलीतही तेच. फ्रेंच लोक जाळीतून ओरडताहेत आणि अरब कैदी व त्यांचे नातेवाईक उकिडवे बसून, त्या गोंगाटातही कुजबुजत एकमेकांशी बोलताहेत. कामूने हे जाणून लिहिलं की हातून लिहिलं गेलं, यावर वाद घालता येईल. पानावर ते आहे, एवढं मला पुरे.

या पुस्तकाला उत्तरही पुस्तकानेच मिळालं. अल्जीरियाच्या कामेल दाऊदने 2013 साली लिहिलेल्या कादंबरीत मेलेल्या अरबाचा भाऊ बोलतो. मेलेल्याचं नाव मूसा, भावाचं हारून. ही नावं ऐकून आपल्याला लगेच आठवतं की कुरआनात हजरत मूसा अल्लाहकडे मागतात, हारूनला माझ्या मदतीला दे, त्याची जीभ माझ्यापेक्षा साफ आहे. मूसाला बोलता येत नाही, त्याच्यातर्फे हारून बोलतो. आणि तोही निष्कलंक नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर, जुलै 1962 मध्ये, तोही एका फ्रेंच माणसाला मारतो. त्याला विचारलं जातं ते एवढंच की हे युद्ध चालू असताना का नाही केलंस? याच दाऊदला त्याच्या धर्माविषयीच्या विधानांवरून 2014 साली एका कट्टर मौलवीने देहदंड मागितला. पुस्तकाला पुस्तकाने उत्तर देणाऱ्यावर ही वेळ आपल्यातल्याच एकाने आणावी, याची मला लाज वाटते.

'अरब' एवढ्या एका शब्दात माणूस संपवणं आपल्याला का झोंबतं, हे उघड आहे. मराठी वर्तमानपत्रांत 'विशिष्ट समाजातील तरुण' असं वाचत आपण मोठे झालो. कामूच्या कादंबरीत शेजारच्या म्हाताऱ्याच्या खरूज झालेल्या कुत्र्याला मेलेल्या माणसापेक्षा जास्त जागा आहे, हे आपल्या नजरेतून सुटत नाही. पण इथे थोडं थांबून स्वतःकडेही बघायला हवं. मेलेल्या पुरुषाचं नाव नाही म्हणून आपण हळहळतो. ज्या बाईमुळे, किंवा खरं तर जिच्यावरच्या अन्यायामुळे, हे सगळं सुरू झालं तिचं नाव कुणी मागितलं? दाऊदचा हारून तर आम्हाला बहीण नव्हतीच असं ठासून सांगतो. म्हणजे भावाला नाव परत मिळालं आणि बाई कथेतूनच बाहेर गेली. घराण्याच्या अब्रूची ही पद्धत आपल्या ओळखीची नाही, असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणावं.

कामूच्या पुस्तकात ती निदान आहे. पत्र लिहिण्याआधी रेमाँ मेर्सोला तिचं नाव सांगतो आणि नावावरूनच मेर्सोला कळतं की ती अरब आहे. म्हणजे नाव त्याने ऐकलं होतं. पत्राच्या वरती कदाचित लिहिलंही असेल. आपल्याला मात्र तो ते सांगत नाही. मेर्सोला माफ न करता हे पुस्तक वाचायचं म्हणजे त्या पानावर अडायचं आणि विचारायचं, तिचं नाव काय होतं?