आधी परवानगी, मग प्रवेश

शाळेचा प्रकल्प असो की प्रवेशाचा अर्ज, तो छापून घ्यायला तुम्ही पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात जाता. मीरा रोड आणि भाईंदर येथे अशी अनेक दुकाने आहेत. तेथील एकाच संगणकाला दिवसभर कितीतरी पेन ड्राइव्ह जोडले जातात. त्यांतील एकात जरी विषाणू असला, तरी तो संध्याकाळपर्यंत अनेक घरांत पोहोचू शकतो.

संगणकाचा विषाणू म्हणजे नुकसान करणारा प्रोग्राम. कोणी चालवल्याशिवाय तो काहीच करू शकत नाही. मग त्याला चालवतो कोण? पुष्कळदा संगणकच!

१९९५ साली 'विंडोज ९५' मध्ये 'ऑटोरन' ही सोय आली. सीडी घातली, की तिच्यातील प्रोग्राम आपोआप सुरू होई. पुढे पेन ड्राइव्ह आले आणि ही सोय विषाणूंच्या कामी आली. पेन ड्राइव्हमधील एक छोटी फाइल संगणकाला हुकूम देई आणि संगणक तो निमूटपणे पाळी. २००८ च्या अखेरीस पसरलेला 'कॉन्फिकर' तर फोल्डरचे चित्र दाखवून माणसालाही फसवी. जगभरातील लाखो संगणक त्याच्या तावडीत सापडले. ब्रिटन व फ्रान्स यांच्या नौदलांचे संगणकही त्यातून सुटले नाहीत.

तेव्हा मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००९ च्या 'विंडोज ७' मध्ये पेन ड्राइव्हसाठी ही सोय बंद केली. २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तशी दुरुस्ती दिली. त्यानंतर असे विषाणू बरेच कमी झाले.

काही जण म्हणतात, "मग आता काळजी कशाला?" मला हे पटत नाही. दुरुस्ती न केलेले जुने संगणक अजूनही कोठे कोठे वापरात असतात. नव्या संगणकांतही 'ऑटोप्ले' असते. पेन ड्राइव्ह जोडताच पुढे काय करायचे, हे ते सुचवते आणि घाईत आपण नको ते बटण दाबतो. म्हणून प्रत्येक शाळेने आणि दुकानदाराने 'सेटिंग्ज' मध्ये जाऊन 'ऑटोप्ले' बंद करावे. त्याला पैसे लागत नाहीत. फार तर फाइल उघडायला एक क्लिक जास्त करावी लागेल. वर्षभराची मेहनत वाचत असेल, तर एवढा त्रास काहीच नाही.

भाईंदरची मिठागरे तुम्हांला माहीत आहेत. मीठ पिकवायला खाडीचे पाणी लागतेच. पण बांधाचे दार कधी उघडायचे, हे माणूस ठरवतो. दार सदा उघडे ठेवले, तर मीठ हाती लागेल का? पेन ड्राइव्हचेही तसेच आहे. तो जरूर वापरा. पण आधी विषाणूरोधक प्रोग्रामने तपासा, मगच फाइल उघडा.

संगणक आपला नोकर आहे. त्याने आपले ऐकावे, पाहुण्याचे नव्हे.