काखेत कळसा, गावाला वळसा

पालेगावच्या नव्या टॉवर्समध्ये राहणाऱ्या मित्रांना विचारून बघा. चीनमधल्या शिआनची मातीची फौज सगळ्यांना माहीत असते. पण रिक्षाच्या अंतरावरचं अंबरनाथचं शिवमंदिर? "जाऊ रे कधीतरी!"

मंडळी, हे देऊळ शके ९८२चं, म्हणजे इ. स. १०६०चं. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातलं. काळ्या दगडातली भूमिज शैली, भिंतभर मूर्ती. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जायचं आणि वर बघायचं, तर थेट आभाळ! दर्शन घेऊन पाच मिनिटांत पळू नका, बाहेरून एक सावकाश फेरी माराच.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. देवळाला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. ज्या वालधुनी नदीच्या काठी ते बांधलं, तिचं मात्र कारखान्यांच्या रसायनांनी आणि सांडपाण्याने पार गटार झालंय. पूर्वजांनी देऊळ बांधताना जागा निवडली ती नदी बघून. मग वारसा फक्त दगडांचाच कसा? सुशोभीकरण नंतर, आधी नदीत येणारं सांडपाणी थांबवा, हे इथे घर घेतलेल्या आपणच म्हणायला हवं. नाहीतर कोण म्हणणार?