दहा हेरांचा चुकलेला हिशेब

संकटात ख्रिस्ती माणसाने देवाच्या वचनाचा आधार घेतला की आक्षेप ठरलेला: हा निव्वळ दैववाद! समोरचा धोका बघवत नाही म्हणून देवाचे नाव पुढे करायचे. आक्षेप जुना आहे. पण शास्त्र उघडून पाहिले तर तो टिकत नाही.

बायबलमधील ‘गणना’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात मोशेने कनान देश हेरायला 12 जण पाठवले. 40 दिवसांनी ते परतले तेव्हा एश्कोलचा द्राक्षांचा एकच घड दोघांनी दांड्यावर वाहून आणला होता. तटबंदीची नगरे आणि धिप्पाड अनाकीही सगळ्यांनीच पाहिले होते. त्यांच्यातल्याच कालेब आणि यहोशवा यांनी यातले काहीच नाकारले नाही. हा देश आपल्याला जिंकता येणार नाही म्हणणाऱ्या उरलेल्या दहा जणांची माहिती खरीच होती, चुकला तो हिशेब. देश देण्याचा देवाचा शब्द त्यांनी जमेस धरलाच नाही.

दुसरा आक्षेप असा, की अशा श्रद्धेपायी माणूस अविचाराने आगीत उडी घेतो. याचे उत्तर पुढच्याच अध्यायात आहे. हेरांचे ऐकून आधी कच खाल्लेले इस्राएली लोक मग मोशे नको म्हणत असताना डोंगरावर चढले आणि होर्मापर्यंत मार खात मागे आले. देवाने न दिलेल्या शब्दावर केलेले धाडस शास्त्रालाच मान्य नाही. ‘विश्वास ठेवा, कर्ज फिटेल’ अशी हमी वाटत फिरणाऱ्या उपदेशकांनी हा अध्याय जरूर वाचावा.

खरा विश्वास दीर्घकाळ कामाला जुंपून घेतो. हेर म्हणून गेला तेव्हा कालेब 40 वर्षांचा होता. आपल्या वाट्याचा डोंगराळ मुलूख मागायला उभा राहिला तेव्हा 85 वर्षांचा. अनाकी अजून तिथेच होते.

आपल्याकडे पंडिता रमाबाई पाहा. 1893 मध्ये त्यांच्या शारदा सदन या शाळेवर धर्मांतराचा आरोप झाला, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी गाशा गुंडाळला नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना त्यांनी केडगावला आणले. पुढे तिथल्याच छापखान्यात बायकामुलींनी खिळे जुळवून बाईंनी भाषांतरित केलेले मराठी बायबल छापले. 1924 मध्ये ते पूर्ण प्रसिद्ध झाले, तेव्हा बाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती. याला दैववाद म्हणायचे तर उद्यमशीलता कशाला म्हणावे?

म्हणून श्रद्धावंतांना एवढेच सांगणे: तटबंदी जेवढी उंच आहे तेवढीच सांगा, तसूभरही कमी नको. पण देवाचा शब्दही त्याच हिशेबात मांडा आणि हातातले काम सोडू नका.