दिवाळीतले एकटेपण आणि कुलूपबंद विहार

"तुम्ही दिवाळी करत नाही? मग मुलांना वाईट नाही वाटत?" पंचवटीतल्या बौद्ध घरांना हा प्रश्न दरवर्षी ऐकावा लागतो. वाटते. शाळेला सुट्टी, गल्लीभर आकाशकंदील, आणि आमची पोरे दारात उभी. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण विचारणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, सणातून आम्ही बाहेर पडलो ते नंतर. आम्हाला बाहेर ठेवले ते आधी. याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ९ एप्रिलला रामाची रथयात्रा. रथ स्पृश्य-अस्पृश्यांनी मिळून ओढायचा असे ठरले होते. सनातन्यांनी रथ पळवला आणि आमच्या माणसांवर दगड पडले. देवाची हौस म्हणून नव्हे, माणूस म्हणून बरोबरीचा हक्क मागायला ती माणसे गेली होती! १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती या अनुभवानंतर.

आता थोडे घरातले. एखाद्या पोराने कंदील लावला की आपले काही कार्यकर्ते बावीस प्रतिज्ञा घेऊन त्याच्यावर तुटून पडतात. प्रतिज्ञा आम्हालाही प्राणप्रिय आहेत. पण दिवाळीच्या चार दिवसांत विहाराला कुलूप का? पोरांसाठी खेळ ठेवा, त्यांना त्रिरश्मी लेण्यांवर न्या, एकट्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसा. अशोक विजयादशमीला नागपूरसाठी गाड्या भरतात. वीस दिवसांनी तीच माणसे कुठे असतात? पोरांना दटावायला येणाऱ्यांनी विहाराची किल्ली कोणाकडे आहे तेवढे सांगावे.